दुसरं बिस्किट

लामर्टने पकडीने खिळा ओढून काढला, चष्मा कपाळावर सारला आणि खिळ्याचं डोकं दारातून येणाऱ्या उजेडात धरलं. मोटरसायकलच्या मागच्या चाकातली उरलीसुरली हवा फुस्स करून निघून गेली, पण तिकडे त्याचं लक्ष नव्हतं.

रस्त्यावर टायरात घुसलेला खिळा चार किलोमीटर जरी फिरला तरी त्याचं डोकं घासून पांढरं पडतं. शिवाय तो घुसतो तिरका. हा घुसला होता सरळ, टायरच्या बरोबर मधोमध, भिंतीवर तसबीर टांगायला ठोकावा तसा. डोक्यावरचा निळा मुलामा शाबूत होता आणि त्यावर हातोडीचा एक बारीक वण होता. बटाट्याच्या पिठाच्या कारखान्यात एकेचाळीस वर्षं यंत्रं दुरुस्त केलेल्या माणसाला याहून जास्त काय सांगायला हवं? हा खिळा लागलेला नव्हता. कुणीतरी तो ठोकला होता.

त्याने खिळा खिशात टाकला.

"निघाला का?"

शेडच्या दारात त्याची मुलगी रुलीन उभी होती. एका हातात कॉफीचे दोन मग, काखेत बिस्किटांचा डबा.

"निघाला."

"कुठे लागला असेल हो?"

"रस्त्यावर. दुसरीकडे कुठे लागणार?"

रुलीन आत आली. स्टूल ओढून ती बसली आणि डबा उघडून त्याच्यापुढे धरला. लामर्टने एक बिस्किट घेतलं आणि झाकण लागण्याची वाट पाहिली. त्या घरात कॉफीबरोबर बिस्किट मिळायचं ते एक. लामर्टच्या आईच्या काळापासून तसंच चालत आलं होतं: डबा उघडायचा, ज्याने त्याने एक घ्यायचं, झाकण बंद. मग पाद्री येवो नाहीतर जावई येवो. आज झाकण उघडंच राहिलं.

"अजून एक घ्या ना, बाबा."

लामर्टच्या मनात पाल चुकचुकली. आजवर रुलीनने त्याला दुसरं बिस्किट दोनदाच दिलं होतं. एकदा ती नवऱ्यापासून वेगळी होतेय हे सांगताना, आणि एकदा तिच्या आईच्या तपासण्यांचे कागद आले तेव्हा.

"नको," तो म्हणाला. "एक पुरे."

उद्या आसेन गावातल्या मोटरसायकलच्या शर्यती. जूनच्या शेवटच्या शनिवारी आख्खा प्रांत दोन चाकांवर तिकडे लोटायचा, आणि चौपन्न वर्षांत लामर्ट एकदाही चुकला नव्हता. रुलीनची मुलगी फेना आठ वर्षांची असताना त्याने तिला शब्द दिला होता, बाराची झालीस की तुला मागच्या सीटवर बसवून नेईन. एप्रिलमध्ये ती बाराची झाली. हेल्मेट घेऊन झालं. आणि महिनाभर रुलीन नुसतं "बघू" म्हणत होती. ज्या मुलखात नाहीला सरळ नाही म्हणतात तिथे महिनाभर बघू, म्हणजे पाणी कुठेतरी नक्की मुरत होतं.

त्याने मोटरसायकल डबल स्टँडवर घेतली, स्टँडखाली फळी सरकवली आणि जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं. चाक काढायची त्याची रीत ठरलेली. सुटेल तो भाग कागदावर ठेवायचा, डावीकडून उजवीकडे, ज्या क्रमाने निघाला त्या क्रमाने. आधी ब्रेकच्या सळईचा नट. मग मागच्या ब्रेकला जागेवर धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्टीचा नट. मग आसाची दोन पायांची पिन, आसाचा मोठा नट. लाकडी हातोड्याचे दोन हलके ठोके देताच आस सरकला, मधला बुश, म्हणजे आसावरची छोटी नळी, तळहातावर पडला. त्याने चाक पुढे ढकलून दात्यांवरून चेन उतरवली आणि चाक तिरकं करून बाहेर घेतलं.

"आजच्या आज नाही ना होणार हे?" रुलीन म्हणाली.

"का नाही होणार? ट्यूबला ठिगळ लावायचं, बसवायचं."

"तसं नाही. घाई कशाला? उद्या मी माझ्या गाडीतून नेते दोघांना. तुम्ही मागे बसा निवांत."

"मागे!" लामर्ट म्हणाला. "पार्सल आहे का मी?"

रविवारी त्याने स्वतः दोन्ही चाकांत हवा भरली होती. त्यानंतर मोटरसायकल शेडमधून हललीसुद्धा नव्हती. बुधवारी रुलीन आली होती, खिडक्या पुसायला म्हणून. खिडक्या त्याने सोमवारीच पुसल्या होत्या. बाईने पुसलेल्या काचा पुन्हा पुसल्या, आणि आपण तिला वर 'किती गं करतेस' म्हटलं!

तो उठला, कामाच्या टेबलापाशी गेला आणि तिसरा खण ओढला. गालिच्याच्या निळ्या खिळ्यांची पत्र्याची डबी जागेवरच होती. फक्त तिच्यावरचं चित्र मागे तोंड करून होतं. लामर्टच्या खणात डबी अशी ठेवलेली कुणी कधी पाहिली नसती.

परत येऊन त्याने खिशातला खिळा काढला आणि वर्तमानपत्रावर, रांगेच्या अगदी शेवटी ठेवला.

रुलीनने खिळ्याकडे पाहिलं. हातातला कॉफीचा मग तिने खाली ठेवला.

"बुधवारी," ती म्हणाली. "मीच ठोकला."

त्याला वाटलं होतं, संशय खरा ठरला की बरं वाटेल. बरं काही वाटलं नाही. पोटच्या पोरीने केलं याचं फार वाईट वाटलं.

"आपल्या घरात तोंडावर बोलतात, रुलीन. तुझ्या आईने लग्नाच्या दिवशी, सगळ्या पाहुण्यांदेखत सांगितलं मला, तू बैलासारखा नाचतोस म्हणून."

"बेरेंड बोलला ना तोंडावर? आता गाडी चालवणं सोडा म्हणाला. माझा सख्खा भाऊ तो. दोन वर्षं झाली, त्याचा फोन तरी उचलता का तुम्ही?" तिचा आवाज चढला, मग एकदम खाली आला. "मला नव्हतं तुमच्याशी बोलणं बंद करायचं. म्हणून खिळा."

लामर्टने फडक्याला हात पुसले. पुसलेलेच पुन्हा पुसले.

"मी काय केलंय असं?"

"मे महिन्यात तुम्ही आणि फेना सायकलवरून पाव आणायला गेला होतात. येताना कालव्याच्या पुलावर थांबलात आणि तिला विचारलंत, आपलं घर कुठल्या बाजूला गं?"

"चेष्टा केली असेल पोरीची!"

"ती म्हणाली, आजोबा हसत नव्हते."

लामर्टला पूल आठवत होता, कालवा आठवत होता, चाळीस वर्षांपूर्वी तिथे गळाला लागलेला हातभर मासाही आठवत होता. तो प्रश्न तेवढा आठवत नव्हता.

"ठीक आहे," तो म्हणाला. "हातच्या कांकणाला आरसा कशाला? त्या भिंतीवरच्या फळीवर मोटरसायकलचं पुस्तक आहे. तू पुस्तक धर, पेन्सिल घे. मी आधी तोंडाने सांगणार, मग हाताने करणार. एक चूक निघाली, तर मोटरसायकलची किल्ली तुझी. नाही निघाली, तर उद्या नऊ वाजता पोर इथे पाहिजे. हेल्मेट घालून."

 रुलीनने उठून पुस्तक काढलं. त्याच्या पानापानावर लामर्टच्या तेलकट अंगठ्याचे ठसे होते.

तासाभरात ट्यूबला ठिगळ लागलं, टायर रिमवर चढला, हवा भरून पाण्यात बुडवून झाली. एकही बुडबुडा आला नाही. लामर्टने चाक उचललं आणि गुडघ्याचा टेकू देऊन मोटरसायकलच्या मागच्या दोन दांड्यांमध्ये घातलं.

"आधी चेन दात्यांवर. मग बुश उजव्या बाजूला. मग आस, डावीकडून."

"बरोबर," रुलीनने पुस्तकात खूण केली.

"आसाचा नट आत्ता नुसता बोटाने. आवळायचा शेवटी, ताण बघून झाल्यावर. नवशिके इथेच फसतात."

"बरोबर."

"ब्रेकची सळई. स्प्रिंग, मग नट."

"बरोबर."

मुलगी ऐकत होती आणि लामर्टला चेव चढत गेला. हात आपसूक चालत होते. कागदावरचा एकेक भाग जागेवर जात होता.

"आता ब्रेकची पट्टी," पट्टीचा नट बोटांत धरून तो म्हणाला. "हा सगळ्यात हरामखोर. दिसायला एवढासा, पण हा नसला तर पहिला जोराचा ब्रेक दाबला की पट्टी सुटते, चाक जागच्या जागी अडकतं आणि माणूस रस्त्यावर. आमच्या कारखान्यातला हर्मेन असाच गेला."

"पान बत्तीस," रुलीनने खूण केली. "अगदी हेच लिहिलंय. हर्मेन सोडून."

दोघंही हसली, सकाळपासून पहिल्यांदाच. आणि तेवढ्यात रुलीनचा फोन वाजला.

"फेना आहे. तुम्हीच घ्या, तुमच्यासाठीच असणार."

लामर्टने हात मोकळे केले, पँटला पुसले आणि फोन कानाला लावला.

"आजोबा, मी तुम्हाला धरायचं की मागच्या दांडीला?"

"मला. दोन्ही हातांनी, घट्ट. वळणावर मी जिकडे कलेन तिकडे कलायचं. उलटं नाही."

"आणि तुम्ही चुकीच्या बाजूला कललात तर?"

"ऐका! आजोबाला शिकवते!" लामर्ट खो खो हसला. "तर मग दोघं मिळून बटाट्याच्या शेतात."

फोन परत दिला तेव्हा तो दहा वर्षांनी तरुण दिसत होता. "हां. पुढे?"

"तुम्ही सांगायचंय."

"चेनचा ताण! मधोमध दोन बोटं हलली पाहिजे. दोन्ही बाजूंच्या रेघा सारख्या. मग आसाचा नट, जोर लावून. मग नवी पिन, एक पाय वर, एक पाय खाली."

केलं. चाक फिरवून पाहिलं. ते सरळ, बिनबोभाट फिरलं. कागदावर आता जुनी पिन आणि तो खिळा, एवढंच उरलं होतं.

रुलीनने पुस्तक मिटलं. "सगळं बरोबर. एकही चूक नाही." तिचे डोळे भरून आले होते आणि तिने ते लपवलेही नाहीत. "माफ करा, बाबा. उद्या नऊला आणते तिला. चला, पुन्हा कॉफी टाकते."

ती घरात गेली. लामर्ट शिट्टी वाजवत कागद गोळा करू लागला. आली मोठी खिळे ठोकणारी! शिट्टी वाजवता वाजवता नाक वाहायला लागलं, म्हणून त्याने रुमालासाठी खिशात हात घातला.

रुमालाबरोबर नट बाहेर आला.

आधी त्याला वाटलं, दुसराच कुठला तरी असेल. मग तो गुडघ्यांवर बसला आणि चाकाच्या पलीकडे वाकून पाहिलं. ब्रेकच्या पट्टीचा बोल्ट उघडा होता. पट्टी त्यावर नुसती टेकली होती. फोन घेताना नट खिशात गेला होता.

 पुस्तकात पान बत्तीसवर पेन्सिलची खूण होती. मुलीने पाहिलं नव्हतं, तिला ते कळलंही नसतं. या नटाबद्दल जगात एकट्या त्यालाच ठाऊक होतं. रुमाल काढायची वेळ उद्यावर गेली असती, तर त्यालाही नसतं. मला धर, त्याने सांगितलं होतं. दोन्ही हातांनी, घट्ट.

त्याने नट बोल्टवर चढवला. पाना लावून आवळला. पुन्हा पाना लावला, पुन्हा पाहिलं, आणि तिसऱ्यांदाही पाहिलं.

मग त्याने वर्तमानपत्रावरचा खिळा उचलला. चाक हळूच फिरवून टायरवरचं ते बारीक भोक शोधलं, त्यात खिळा सरळ धरला आणि हातोडी घेतली. दोन ठोके पुरले. हवेचा बारीक आवाज सुरू झाला, आणि तो थांबेपर्यंत लामर्ट तिथेच उभा होता.

स्वयंपाकघरात रुलीन पाठमोरी होती. किटली हातात होती, पण कॉफी ओतलेली नव्हती.

"कसला आवाज झाला?"

"चाकातली हवा पुन्हा गेली," लामर्ट खुर्ची ओढत म्हणाला. "खिळा लागलाय."

ती वळली. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग त्याच्या हातांकडे. तिने दोन्ही कपांत कॉफी ओतली. 

"रस्त्यावर लागला?" तिने हळूच विचारलं.

"रस्त्यावरच. दुसरीकडे कुठे लागणार?" त्याने किल्ली टेबलावर, तिच्या कपाशेजारी ठेवली. "फेनाला सांग, उद्या तुझ्या गाडीतून जाऊ. मी मागे बसेन, तिच्याजवळ."

रुलीनने डबा उघडून मध्ये ठेवला. लामर्टने एक बिस्किट घेतलं आणि कॉफीत बुडवून खाल्लं. झाकण तिने लावलं नाही, घ्या असंही म्हणाली नाही. जरा वेळाने लामर्टने आपणच हात पुढे केला आणि दुसरं घेतलं.