निळ्या दोऱ्याचं बटण

"मावशी, कापायच्या आधी प्रत्येक झग्याची बटणं काय बघत बसता?" गोदामवाल्याने विचारलं.

"डोळ्यांना चाळा," असं म्हणून मावशीने कात्री गळ्यापासून खालपर्यंत सरळ चालवली.

लहान मुलांचे झोपायचे पिवळे झगे होते, वर बदकं छापलेले. कापडावरची मऊ लव भसकन पेट घेते असं कळलं, आणि कंपनीने विकलेले सगळे परत मागवले. आलेला प्रत्येक झगा उभा कापून टाकायचा, हे मावशीचं काम. "वरातीमागून घोडं," गोदामवाला म्हणायचा. कंपनीच्या तपासनिसाने तिला एकदा काडी लावून दाखवलं होतं. ज्योत कापडावरून नुसती धावत गळ्यापर्यंत गेली, आवाज म्हणून नाही. त्या दिवसापासून मावशी प्रत्येक झग्याची बटणं बघू लागली.

कारण विकलेल्या झग्यांची यादी होती, पण वाकड्या बटणांचे झगे कंपनीने कामगारांना वाटून टाकले होते, त्यांची नोंद कुठेच नव्हती. फुकट ते पौष्टिक म्हणत मावशीनेही एक उचलला होता. पांढरा दोरा संपला म्हणून दुसरं बटण निळ्या दोऱ्याने बसवलं आणि परगावी नातीला पाठवून दिला. लेकीशी समेट व्हावा, एवढाच हेतू. भांडणात मावशी बोलून गेली होती, "तुझ्याच्याने एक पोर सांभाळवणार नाही!" जिभेला हाड नसतं. तेव्हापासून लेक फोन उचलत नव्हती. शेवटी मावशीने 'झगा पोरीला घालू नकोस, परत पाठव' असं पत्र टाकलं, आणि ती वाट बघू लागली.

सोमवारी सकाळी ती गोदामात आली, तर ढिगातल्या एका झग्याची डावी बाही वर उठलेली. वर्गात मूल हात वर करतं तशी. आदल्या कामाच्या दिवशी तिने ढीग हातांनी दाबून सपाट केला होता. मंगळवारी दुसऱ्याच झग्याची. बाही मात्र डावीच.

"उंदीर असतील," गोदामवाला म्हणाला.

"उंदरांना डावं-उजवं कळतं होय?"

तो हसला. मावशीला हसू आलं नाही. गुरुवारपर्यंत हेच चाललं. शुक्रवारी ढीग सपाट होता, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

त्या दुपारी एक पार्सल आलं. झगा धुतलेला, इस्त्री केलेला. दुसरं बटण निळ्या दोऱ्याचं.

"आला गं बाई!" मावशी ओरडलीच. घाईघाईने तिने तो उलगडला. डावी बाही नव्हती. खांद्याशी तपकिरी कडा होती, तीही इस्त्रीने सपाट केलेली.

आत लेकीच्या अक्षरात चिठ्ठी होती. 'तुझं पत्र सोमवारी मिळालं. रविवारीच सगळं होऊन गेलं. मी पाठमोरी होते, तिने गॅसवरून हात पुढे केला. पोर वाचली आहे. हाताचं डॉक्टर अजून काही सांगत नाहीत. तू म्हणाली होतीस तेच खरं झालं.'

मावशीने चिठ्ठी घडी करून कमरेला खोचली.

"द्या, मी कापतो," गोदामवाला हळूच म्हणाला.

"नको. मला सुट्टी हवी. पोर सांभाळता आली नाही ती मला, तिला नाही. हे तोंडावर जाऊन सांगायला हवं."

आजवर एकाही झग्याची बटणं तिने काढली नव्हती. हा तिने मांडीवर घेतला आणि झोपलेलं मूल जागं होऊ नये अशा बेताने एकेक बटण काढलं. मग कात्री उचलली.