पाय ओढला की थांबायचं

इंद्रभानचा डावा तळवा काळा पडल्याला नऊ दिवस झाले होते. त्यातले आठ दिवस त्याने तो कुणाला दाखवला नव्हता. नवव्या दिवशी सकाळी विजयमालाने त्याच्या अंथरुणाची चादर धुवायला काढली. पायाकडच्या बाजूला पेल्याच्या बुडाएवढा पिवळा डाग होता. तिने तो हुंगला आणि चादर तशीच खाली ठेवली. साडेनऊच्या जीपने दोघं शेलूबाजारहून कारंज्याला निघाली.

जीपमध्ये इंद्रभान एकच गोष्ट बोलला. बिब्याचं नाव काढायचं नाही. चपलेने घासलं, असं सांगायचं. मागच्या वर्षी साखरेच्या आजाराच्या डॉक्टरने पाच माणसांदेखत त्याला अनवाणी हिंडण्यावरून झापलं होतं, ते त्याच्या मनातून गेलं नव्हतं. विजयमालाने मान हलवली. तिच्या डोळ्यांपुढे गावातला रूपला होता. रूपला अंगठ्याची जखम घेऊन दवाखान्यात गेला आणि गुडघ्याखाली काही नसताना परत आला. आता तो दिवसभर ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायांकडे पाहतो.

आणि बिबा तर तिनेच घातला होता.

सोयाबीन निघाल्यावर इंद्रभानच्या अंगठ्याच्या बुडाशी कुरूप झालं होतं. कुरुपाला बिबा घालायचा, हे तिला सासूने, गोमतीबाईंनी, शिकवलेलं. सुईच्या टोकावर बिबा खोचायचा, दिव्यावर धरायचा, तेल सुटलं की कुरुपावर टेकवायचा. किती वेळ टेकवायचा याला माप नव्हतं. माणसाने पाय ओढला की थांबायचं. तिने टेकवला तेव्हा इंद्रभान तुरीवरच्या अळीबद्दल बोलत होता. त्याने पाय ओढला नाही. तिने दुसऱ्यांदा तेल काढलं, तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. तो बोलतच होता. दुसऱ्या दिवशी तिने शेजारच्या चंपाबाईला सांगितलं होतं, की आमच्या घरी माणूस नाही, दगड आहे. सांगताना तिला अभिमान वाटला होता.

डॉक्टर पौर्णिमांचा पायांचा दवाखाना बसस्टँडपासून दहा मिनिटांवर होता. दारावर पाटी होती: ‘चपला काढू नका, पायांत घालूनच आत या.’ इंद्रभानने सवयीने चपला बाहेर काढल्या आणि आतल्या नर्सने त्याला परत पाठवून त्या घालून यायला लावलं. बाकावर टाचांच्या भेगांना फडकं बांधलेली एक म्हातारी होती, घोटा मुरगळलेला एक ड्रायव्हर होता, नख मांसात शिरलेली कॉलेजची एक मुलगी होती. ती मुलगी दर मिनिटाला कण्हत होती. लपवायचं काही नसलेल्या त्या दुखण्याचा विजयमालाला हेवा वाटला.

आत गेल्यावर डॉक्टरांनी आधी चपला उलट्या करून पाहिल्या. मग हातमोजे चढवून पाय मांडीजवळ घेतला आणि कितीतरी वेळ नुसत्या पाहत राहिल्या. अंगठ्याच्या बुडापासून तळव्याच्या मध्यापर्यंत कातडी डांबरासारखी काळी होती. कडेने पू येत होता.

“मॅडम, पायच पाहून राह्यल्या का पत्रिका?” इंद्रभान म्हणाला.

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी घोट्याजवळ एक छोटं यंत्र टेकवलं. त्यातून भात्यासारखा आवाज येऊ लागला. रक्त तर व्यवस्थित पोचतं आहे, असं त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. मग त्यांनी दांडीला बसवलेला नायलॉनचा एक जाड धागा घेतला. इंद्रभानला डोळे मिटायला सांगितले आणि धागा लागला की ‘हो’ म्हणायला सांगितलं.

धागा टाचेला टेकला. तो म्हणाला, हो. अंगठ्याला टेकला, इतका की वाकला. तो गप्प राहिला. करंगळीला टेकला. गप्प. मग डॉक्टरांनी हात उचलून धागा हवेतच धरला.

“हो,” इंद्रभान म्हणाला.

विजयमाला पाहत होती. धागा वीतभर वर होता. डॉक्टरांनी पुन्हा तसंच केलं.

“हो. लागलं ना.”

तो अंदाजाने बोलत होता. शाळेतलं पोरगं न आलेलं उत्तर ठोकून देतं तसा. चार वेळा गरम तेल टेकवलं तेव्हा तो सोसत नव्हता. त्याला कळलंच नव्हतं. विजयमालाने खुर्चीची कड घट्ट धरली.

डॉक्टरांनी विचारलं, पायाला काय लावलं होतं? पाला, तेल, काहीही असलं तरी सांगा. इंद्रभान म्हणाला, काहीच नाही, चपलेने घासलं. डॉक्टरांनी विजयमालाकडे पाहिलं. तिने खाली पाहिलं.

मग डॉक्टर शांतपणे सांगू लागल्या. काळं झालेलं मांस मेलेलं दिसतं आहे. साखर आहे, पू आहे, खाली किती खोल गेलंय ते वरून समजत नाही. आजच्या आज अकोल्याला जा. अंगठा काढावा लागेल, कदाचित अंगठ्यापाशी थांबणार नाही. त्यांनी टेबलावर वळून चिठ्ठी लिहायला घेतली.

पेनाचा कागदावर आवाज येत होता. इंद्रभान छताकडे पाहत होता. विजयमाला विचार करत होती. सांगितलं तर तो चारचौघांत खोटा पडणार. पाय गेला तर गाव म्हणणार, बायकोने जाळला. आणि तो स्वतः ओट्यावर बसून काय म्हणेल? न सांगितलं तर कुणालाच काही कळणार नव्हतं. डॉक्टरांनी चिठ्ठीखाली सही केली.

“मॅडम, बिबा घातला मी त्यायले.”

डॉक्टर वळल्या. कधी, कुठे, किती वेळा, त्यांनी एकेक विचारलं. तिने सगळं सांगितलं, सुईसकट.

“पाय ओढला की थांबायचं असते. यायनं ओढलाच नाई. मंग मी घालतच राह्यली.”

“ओढतील कसे, काकू,” डॉक्टर म्हणाल्या. “त्यांच्या पायाला समजतच नाही.”

“मले समजते,” इंद्रभान म्हणाला. आवाज बारीक निघाला.

बिब्याने कातडी भाजते आणि काळीही होते, डॉक्टर म्हणाल्या. रक्त पोचत असूनही पाय काळा का, ते आता समजलं. तरी खाली काय आहे ते पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. त्यांनी चिठ्ठी फाडली नाही, बाजूला ठेवली. जिवंत मांस निघालं तर उपचार इथेच. हाड लागलं तर अकोला.

ब्लेडने डॉक्टर काळी कातडी पापुद्र्यापापुद्र्याने काढू लागल्या. भूल दिली नव्हती, तिची गरजच पडली नाही. इंद्रभान हरभऱ्याला पाणी कधी द्यायचं ते बोलत होता. ब्लेड मांसाच्या कडेला लागत होतं आणि त्याचा आवाज जरासुद्धा बदलत नव्हता. विजयमालाला वाटलं, त्याच्या तोंडावर हात ठेवावा. आज त्याने एकदा तरी ओरडावं, एवढंच तिला हवं होतं.

काळ्याखालून रक्त आलं. लाल, ताजं.

डॉक्टरांनी बोथट टोकाची स्टीलची सळई जखमेत घातली. ती आत गेली, अजून थोडी गेली, थांबली. त्यांनी बाजूने दोनदा चाचपलं.

“हाड नाही लागत,” डॉक्टर म्हणाल्या.

मग त्यांनी ड्रेसिंग केलं, पुढच्या भागावर भार येणार नाही असा जाड तळाचा बूट बांधला, गोळ्या लिहून दिल्या. पायाचा एक्स-रे काढायचा, हाडाची खात्री करायची. सहा आठवडे शेतात जायचं नाही, दर तिसऱ्या दिवशी इथे यायचं. ताप आला किंवा लाली घोट्याच्या वर चढली तर त्याच घटकेला अकोला. अकोल्याची ती चिठ्ठी त्यांनी विजयमालाच्या हातात दिली आणि एक काम लावून दिलं. रोज सकाळी त्याचे दोन्ही पाय पाहायचे आणि तो डोळे मिटून बसला की पायाच्या बोटांना हलकं बोट लावून विचारायचं.

घरी आल्यावर तिने डब्यातले बिबे काढून उकिरड्यावर टाकले आणि चिठ्ठी त्या डब्यात ठेवली.

सकाळी इंद्रभान अंगणात खाटेवर बसला, पाय पुढे घेऊन. त्याने डोळे मिटले. तिने उजव्या पायाच्या अंगठ्याला बोट लावलं. हो, तो म्हणाला. करंगळीला लावलं. हो. मग तिने दोन्ही हात मांडीवर घेतले.

“हो,” तो म्हणाला.

त्याने डोळे उघडले आणि तिच्या मांडीवरचे हात पाहिले.

“अकोल्याले पाठवशीन मले,” तो म्हणाला.

“खोटं बोलसान त पाठवाच लागन.”

तो कुंपणाकडे पाहत राहिला. मग त्याने पुन्हा डोळे मिटले. तिने वाकून डाव्या पायाच्या बुटातून बाहेर आलेल्या करंगळीला बोट लावलं आणि तसंच ठेवलं. बराच वेळ गेला.

“नाई व,” तो म्हणाला. “नाई समजून राह्यलं. लावलं का तू?”

“लावलं,” ती म्हणाली. तिने बोट काढलं नाही.