चाळीस नंबरचा तारा

“नाई जी, बाई. तो नेमाचा हाये.”

सुलोचनाबाईंची पेन्सिल कागदावर टेकता टेकता थांबली. ओसरीतल्या टेबलावर आलेखाचा मोठा कागद पसरला होता. वाऱ्याने उडू नये म्हणून त्याच्या कोपऱ्यांवर दोन वाट्या, शाईची दौत आणि घरमालकीण जिजाबाईंचा अडकित्ता ठेवला होता. कागदभर ठिपके होते. एक ठिपका म्हणजे एका पहाटे एका ताऱ्याचा उजेड किती होता त्याची नोंद, आणि दोन महिन्यांतली प्रत्येक नोंद समोर बसलेल्या प्रेमदासच्या डोळ्यांनी घेतलेली होती.

“प्रेमदासभाऊ, तुमचं-माझं मत इथे चालत नाही,” बाई म्हणाल्या. “ठिपके काय म्हणतात ते बघा. एका आठवड्यात तारा मंगळवारी सर्वांत तेजस्वी. पुढच्या आठवड्यात सोमवारीच. त्याच्या पुढच्यात पुन्हा मंगळवारी. ज्याच्या येण्या-जाण्याला ताळतंत्र नाही त्याला अनियमित म्हणतात. निरीक्षकांच्या मंडळाला आपण तेच कळवायचं.”

“म्या पाह्यलं ना जी. दोन दिवसांत झटक्यानं चढते, मंग पाच दिवस हळूहळू उतरते. आठवडी बाजारासारखा येते तो. त्याले बिननेमाचा काऊन म्हणता?”

बाईंनी पुन्हा पेन्सिल उचलली. न बोलण्याचा अर्थ प्रेमदासला कळला. गिरणीतल्या चोवीस वर्षांत त्याची नजर चुकली असे कोणी म्हटले नव्हते. मागच्या वर्षी मात्र असेच न बोलता एका यंत्राने त्याला बाजूला केले होते.

प्रेमदास हिंगणघाटच्या गिरणीत कताई खात्यात होता. सोळाव्या वर्षी लागला तो झाडूवाला म्हणून. पण साच्यावरचे, म्हणजे कताईच्या यंत्रावरचे, सूत अंगठा आणि बोटात धरून, जरा उजेडाकडे नेऊन तो त्याचा नंबर, म्हणजे ते किती जाड-बारीक ते, सांगू लागला, तेव्हापासून गिरणीतले मास्तर त्याला हाक मारून नेऊ लागले. “प्रेमदास, हे काय निघून राह्यलं?” की हा बोट लावणार आणि म्हणणार, “बत्तीस पायजे होतं ना जी? अठ्ठावीस निघून राह्यलं.” पुढे वजन करून पाहिले तर अठ्ठावीसच भरायचे. बोट लावल्याशिवाय मात्र तो कधी बोलला नाही. “अंदाजानं सांग की,” असे कोणी म्हटले तर म्हणायचा, “अंदाज सांगाले मी कायले पायजे?”

मागच्या वर्षी काचेच्या पेटीत बसवलेला नवा काटा आला. सुताच्या लटीचे टोक अडकवले की सुई नंबरावर जाऊन थांबते. प्रेमदासला कोणी वाईट बोलले नाही, पगारही तोच राहिला. त्याला बॉबिनचा, सुताच्या रिळांचा, गाडा ढकलायला दिला. फक्त विचारणे बंद झाले.

त्याच साली ऑक्टोबरात रशियाने आकाशात कृत्रिम चंद्र सोडला आणि तो बघायला सारे गाव शाळेच्या मैदानावर लोटले. नागपूरहून बी. एस्सी. होऊन नुकत्याच शिक्षिका म्हणून आलेल्या सुलोचनाबाईंना हेडमास्तरांनी चार शब्द बोलायला उभे केले. बाईंनी ताऱ्यांच्या प्रती सांगितल्या. सर्वांत तेजस्वी ते पहिल्या प्रतीचे, त्याहून मंद ते दुसऱ्या, मग तिसऱ्या. आकडा मोठा तितका तारा मंद.

“हे तर उलटंच झालं बाई!” मागून कोणीतरी ओरडले आणि मैदान हसले.

“उलटं कायचं?” गर्दीतून दुसरा आवाज आला. “सुताचंच हाये ते. वीस नंबर जाडं, साठ नंबर बारीक. नंबर वाढला का सूत बारीक.”

शाळेतल्या दोन तुकड्यांना जे महिनाभर समजले नव्हते ते गिरणीच्या सदऱ्यातल्या एका माणसाला एका वाक्यात समजले, हे बाई विसरल्या नाहीत. मार्चमध्ये हौशी निरीक्षकांच्या एका मंडळाकडून त्यांना नकाशा आला. नव्या निरीक्षकाची ती परीक्षाच होती. नकाशात एका ताऱ्याला गोल केलेला, त्याचे नाव मुद्दाम लपवलेले. दोन महिने त्याच्या उजेडाची नोंद ठेवायची, चढउताराची रेषा काढायची आणि त्या रेषेवरून सांगायचे की हा कोणत्या जातीचा: जोडीदाराच्या आड जाणारा, नेमाने फुगणारा-आकसणारा, वर्षावर्षाने उजळणारा, की अनियमित. उत्तर बरोबर आले तर नाव दाखल.

अडचण एवढीच होती की तारा पहाटे दिसायचा आणि जिजाबाईंच्या गच्चीला रात्री नऊला कुलूप लागायचे.

“पहाटे चारला बाईमाणूस गच्चीवर?” जिजाबाई म्हणाल्या होत्या. “तुमचे तारे राह्यले वर, लोक मले खाली बोलतीन.”

बाईंनी प्रेमदासला निरोप पाठवला. नकाशा पाहून तो खुर्चीत पुढे सरकला. मधल्या ताऱ्याभोवतीच्या ताऱ्यांजवळ ३४, ३७, ४४ असे आकडे होते. प्रत खरी तीन पूर्णांक चार, तीन पूर्णांक सात अशी. पण दशांशाचा टिंब नकाशात ताऱ्यासारखा दिसतो म्हणून तो गाळलेला.

“हे तर आपलेच नंबर हाये जी,” तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा असा उजळला की बाईंना पुढे काही शिकवावे लागले नाही.

श्रवणाच्या कावडीचे, म्हणजे श्रवण नक्षत्रातल्या तीन ताऱ्यांच्या ओळीचे, एक टोक सदतीस नंबर. त्याच्या खाली हा बिननावाचा. त्या सदतीसशी आणि पलीकडच्या चव्वेचाळीसशी ताडून पाहायचे आणि आकडा सांगायचा. प्रेमदास रोज पहाटे चारला बघायचा. हजेरीच्या कार्डामागे वाराखाली आकडा लिहायचा आणि दर इतवारी दुपारी, झोप झाल्यावर, येऊन बाईंना वाचून दाखवायचा. दोन पहाटे ढग होते. तिथे त्याने काही लिहिले नव्हते. त्याची बायको भागीरथा शेजारणींना सांगायची, “आमच्या घरी सवत आली. रोज चारला येते, बुवा उठून तिले पाहाले जाते. मले कधी येवढं टक लावून पाह्यलं नाई.”

आणि आता जूनचा पहिला इतवार होता. क्षितिजावर ढग जमू लागले होते, म्हणजे नव्याने काही बघायची सोय नव्हती. लिफाफा उद्याच्या टपालाने जायचा होता. म्हणून आज तो दुपारची वाट न पाहता सकाळी साडेसातलाच आला होता, आणि त्याच्या चोवीस वर्षांच्या नजरेवर ‘अनियमित’ हा शब्द लिहिला जाणार होता.

जिजाबाई चहा घेऊन आल्या. पहिल्या इतवारी बाईंनी प्रेमदाससाठी खुर्ची मांडली तेव्हा जिजाबाईंनी त्या खुर्चीकडे बराच वेळ पाहिले होते; चहा मात्र घरच्याच कपातून आणला होता, आणि तेव्हापासून तोच कप त्याचा ठरला होता. कप ठेवताना त्यांची नजर त्याच्या डोक्याकडे गेली.

“काय जी, केसात कापूस? अन् डोळे हे लाल. रातभर झोपले नाई का?”

“रातपाळी होती. आत्ता सातला सुटली. घरी न जाता इकडंच आलो.”

“पोटात काई हाये का?”

“हाये, हाये. तुमचा चहा.”

बाईंनी कार्डावरून नजर वर केली. “रातपाळी? म्हणजे काल रात्री तुम्ही गिरणीत होता?”

“हो जी. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी.”

“मग कार्डावरचा हा शनिवारचा आकडा? बेचाळीस. हा तुम्ही कधी पाहिला?”

“शनवारीच.”

“शनिवारी किती वाजता?”

“चारला. आज पहाटे.”

बाईंनी बोटांवर वार मोजले.

“प्रेमदासभाऊ,” बाई हळूच म्हणाल्या, “आज पहाटे रविवार होता.”

“इतवार आज हाये जी. पाळी शनवारची होती ना!” त्याने कार्ड उलटून पुढे केले. “हे पाहा. शनवार, रा. हजेरी तशीच लागते. शनवारी अकराला आत गेलो, सातला बाहेर. मधात चारला भोंगा होते, चहाची सुटी होते, तवा अंगणात येऊन पाहतो. तो सगळा शनवारच.”

“आणि दिवसपाळीच्या आठवड्यात?”

“तवा घरी चारला उठून पाहतो. सातला कामावर जातो. त्या दिवसाचा जो वार, तोच लिवतो.”

बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा घातला. एका आठवड्यात पहाटेचे चार म्हणजे आज, दुसऱ्या आठवड्यात पहाटेचे चार म्हणजे काल. डोळे तेच, तारा तोच. वार तेवढा गिरणीच्या हजेरीतून आला होता.

“त्यात काय झालं येवढं?” जिजाबाई म्हणाल्या. “सूर्य उगवल्याबिगर वार बदलतेच कुठं? सोमवारचा उपास पहाटे चारला सोडते का कोणी? पंचांगच तसं हाये.”

“आमी पंचांग सोडलं जी, दीड सालाच्या वर झालं,” प्रेमदास शांतपणे म्हणाला. तो ऑक्टोबर छप्पन्नला नागपूरला गेला होता, पांढरे कपडे घालून, भागीरथेला घेऊन. “मिलचं कार्ड तेवढं सोडता येत नाई.”

जिजाबाई हसल्या. मग बाई हसल्या. बऱ्याच वेळाने प्रेमदासही हसला, पण त्याची नजर कागदावरच होती. “बाई, मंग ठिपके…?”

“वाचा. फक्त रातपाळीचे वाचा.”

तो वाचू लागला. बाई एकेक ठिपका खोडून एक घर उजवीकडे सरकवू लागल्या. रातपाळीचे चार आठवडे, बावीस ठिपके. जिजाबाई चूल विसरून उभ्या राहिल्या. दहाव्या-बाराव्या ठिपक्याला प्रेमदासच्या वाचण्याचा वेग वाढला, कारण बाईंच्या पेन्सिलीखाली काय होते आहे ते त्याला दिसू लागले होते. शेवटचा ठिपका बसल्यावर बाईंनी एकातून एक रेषा ओढली. उभा चढ, लांब उतार. उभा चढ, लांब उतार.

“करवतीचे दात हाये ना हे!” जिजाबाई म्हणाल्या.

“सात दिवस आणि वर चार तास,” बाईंनी मोजून सांगितले. “दर वेळी. म्हणून आठवड्याच्या आठवड्याला येतो असं तुम्हाला वाटलं, आणि ते खरंच होतं.” त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. “चूक माझी आहे. मी दोन महिने वार विचारत राहिले. तुमचा वार कुठे सुरू होतो ते एकदाही विचारलं नाही. आणि संशय घेतला तुमच्या डोळ्यांवर.”

“तसं नाई जी. तुमी इचारलं तरी,” प्रेमदास म्हणाला. “मले आता कोणी काई इचारत नाई.”

बाईंनी ‘अनियमित’च्या जागी ‘नेमाने फुगणारा-आकसणारा’ असे लिहिले आणि मंडळाचा छापील फॉर्म पुढे ओढला.

“निरीक्षकाचं नाव.”

“तुमचं लिवा.”

“मी एकदा तरी पाहिलाय का तो? पूर्ण नाव सांगा.”

“प्रेमदास लहानू गायधने.”

“शिक्षण?”

“दुसरी. पास हाये.”

“उपकरण? म्हणजे कशाने पाहिलं, दुर्बीण वगैरे.” त्याच्या उत्तराची वाट न पाहता त्यांनी लिहिले: नुसते डोळे. “व्यवसाय?”

कपातला तळाचा चहा त्याने हलवला. “आता तर मी गाडाच ढकलतो,” तो म्हणाला.

बाईंनी काहीतरी लिहिले आणि फॉर्म सहीसाठी त्याच्याकडे वळवला. प्रेमदास एकेक अक्षर लावत वाचत गेला. व्यवसायासमोर थांबला. सू, त, पा, र, खी. तो शब्द त्याने दोनदा वाचला. दुरुस्त करा असे म्हणाला नाही. सही करताना मात्र त्याने आधी बोटे सदऱ्याला पुसली.

निघताना त्याने खिशातून सुताची लहानशी लट काढून टेबलावर ठेवली. “कागद बांधाले,” तो म्हणाला. “साठ नंबर हाये. दिसते बारीक, पण तुटत नाई.”

उत्तर तीन आठवड्यांनी आले, एका कार्डावर. वर्गीकरण बरोबर, नोंदी उत्तम, चालू ठेवाव्यात. जिजाबाईंनी ते बाईंकडून तीनदा वाचून घेतले आणि चौथ्यांदा प्रेमदाससमोर.

त्या आठवड्यात पुन्हा रातपाळी होती. चारचा भोंगा झाला तसे प्रेमदास आणि त्याच्याबरोबर गाडा ढकलणारा तानबा अंगणात आले. सारे आभाळ ढगांनी भरले होते. शेजारच्या जिनिंग कारखान्याकडून ओल्या सरकीचा वास येत होता. प्रेमदास रोजच्या जागी, पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभा राहिला आणि त्याने मान वर केली.

“कायले पाहून राह्यला बे?” तानबा म्हणाला. “वर तं सारं काळं हाये.”

“आज चढती हाये त्याची. चाळीसवर आला असन.”

“ढगामांगं?”

“ढगामांगं.”

त्याने कार्ड काढले. पुढच्या बाजूला गिरणीने लिहिले होते: सोमवार, रा. त्याने ते उलटले आणि मागच्या बाजूला, कानावरची पेन्सिल घेऊन, सावकाश लिहिले: मंगळवार.

“लिव ना मंग चाळीस,” तानबा म्हणाला. “तुले तं ठाऊकच हाये. कोन येते पाहाले?”

“पाह्यला नाई ना बावा,” प्रेमदास म्हणाला.

मंगळवारपुढची जागा त्याने तशीच कोरी ठेवली, कार्ड खिशात घातले, आणि सुटी संपल्याचा भोंगा होईपर्यंत तिथेच उभा राहिला.