कडूबाईची हाक

सकाळपासून धुळाप्पा ज्वारी उपटत होता. चार ताटं मुठीत धरायची, हिसडा द्यायचा, मुळांची माती पायावर झटकायची आणि आडवं टाकायचं. हात चालत होते म्हणून काम चाललं होतं. गडी काही त्यात नव्हता. बायको कडूबाई जाऊन महिना झाला, पण त्याच्या डोळ्यांतून टिपूस गळलं नव्हतं. भावकी तोंडावर म्हणाली, "दगड हाय दगड." तेही त्याला लागलं नाही. लागायला आत काही जागं असावं लागतं.

शेताच्या धुऱ्यावर तुऱ्या बसला होता. तुरीच्या रानात सापडलेलं हे लांब पायांचं, खपाटीला पोट गेलेलं कुत्रं कडूबाईनं पोटच्या पोरासारखं वाढवलं होतं. त्याच्यापुढच्या भाकरीला मुंग्या लागल्या होत्या.

"दाजी, असं किती दिस चालायचं?" कडूबाईचा धाकटा भाऊ उत्तरेश्वर येडशीहून आला होता आणि आल्यापासून धुसफुसत होता. "तुमच्या हाकंला हे येत न्हाय, तुमच्या हातचं खात न्हाय. उपाशी मारताव का त्याला? माज्याकडं शेरडं हायती, लेकरं हायती. रमंल तिथं. म्या घिऊन जातो."

"ने की."

"ने की म्हनं! आक्काचा जीव व्हता त्याच्यात, तुमाला कायबी वाटत न्हाय व्हय?"

धुळाप्पाला खरं सांगायचं तर काही वाटत नव्हतं. तुऱ्या गेला की घरात कडूबाईला ओळखणारं दुसरं कुणी उरणार नाही, एवढं त्याला कळत होतं. पण कळणं वेगळं.

उत्तरेश्वर जरा नरमला. "उद्या जत्रंत कुत्र्यांच्या शर्यती हायत. आक्कानं पंचाला सांगून ठिवलं व्हतं, औंदा माजा तुऱ्या पळणार म्हनून. तिचा शब्द तेवढा राखू. म्या कुत्रं सोडतो, तुमी रेघंवर हुबं राहून बोलवा. आला, तर तुमचा. न्हाय आला, तर तितूनच नेतो म्या."

"बरं," धुळाप्पा म्हणाला आणि पुढच्या ताटांना हात घातला.

कडूबाईचे नाद सगळ्या गावाला ठाऊक होते. पन्नाशी उलटली तरी बाई कुत्र्यासंगं लपाछपी खेळायची. चिंध्यांचा चेंडू शेततळ्यात फेकून त्याला पोहायला लावायची, काठी आडवी धरून उड्या मारायला लावायची. उभ्या ज्वारीत दडून बसायची आणि बारीक आवाजात हेल काढायची, "तुऱ्याऽऽ, पळ रं माज्या राजा, भाकर कावळ्यानं नेलीऽऽ!" धुळाप्पाला तिची लाज वाटायची. पारावर बसला की डोक्यावरून टॉवेल पदरासारखा घेऊन तो त्या हाकेची नक्कल करायचा आणि गडीमाणसं हसून लोळायची. तिच्या कानावर गेलं, तर ती म्हणायची, "हसतील त्याचं दात दिसतील. माजा तुऱ्या पळतोय न्हवं?"

जत्रेच्या दिवशी ऊन लखलखत होतं. मोकळ्या रानाच्या एका टोकाला कुत्री धरून माणसं बसली, दुसऱ्या टोकाला पांढऱ्या फक्कीच्या रेघेमागं मालक उभे राहिले. कुत्रं रेघेकडं कशाला पळतंय? ते आपल्या माणसाकडं पळतं, म्हणून ही रीत. धुळाप्पाच्या मागं बायकांचा घोळका दाटला होता.

शिट्टी झाली. बाकीची कुत्री धुरळा उडवत सुटली. तुऱ्या जागचा हलला नाही.

"तुऱ्या! ये!" धुळाप्पा घोगऱ्या आवाजात ओरडला.

तुऱ्यानं इकडंतिकडं बघितलं आणि खाली बसला.

"त्याला च्या पाजा रं कुनीतरी!" गर्दीतून कुणी म्हणालं. हशा पिकला. पलीकडं उत्तरेश्वर खाली वाकून साखळी अडकवू लागला.

धुळाप्पानं खांद्यावरचा टॉवेल ओढला, डोक्यावरून घेतला, मान वर केली आणि भर जत्रेत बाईच्या बारीक आवाजात हेल काढला, "तुऱ्याऽऽ, पळ रं माज्या राजा, भाकर कावळ्यानं नेलीऽऽ!"

लोक आणखी मोठ्यानं हसले. गावातली मात्र गप्प झाली, कारण आवाज थेट तिचा होता.

तुऱ्याचे कान उभे राहिले. उत्तरेश्वरच्या हाताला हिसडा देऊन तो जो सुटला, तो पोट भुईला टेकवत आला. शर्यत तर कधीच संपली होती. वाटेत एक दमलेलं कुत्रं उभं होतं, तेवढंच त्यानं मागं टाकलं. पण रेघेवर तो थांबला नाही. धुळाप्पाला ओलांडून बायकांच्या घोळक्यात शिरला आणि एकेकीचे पाय हुंगत फिरू लागला.

"आला की वो दाजी!" उत्तरेश्वर धापा टाकत आला. "तुमचा झाला! न्हाय नेत म्या."

धुळाप्पानं ऐकलंच नाही. डोक्यावरचा टॉवेल तसाच होता. पाठमोरा होऊन तोही त्या बायकांमध्ये एकेक तोंड बघत होता.

"कुनाला बघताव, दाजी?"

"आत्ता हाक मारली की रं तिनं," धुळाप्पा म्हणाला, आणि महिन्याभरात पहिल्यांदा त्याचा आवाज फाटला.