चौतिसावं पान

“प्रती तीन हजार. किंमत पंचवीस नये पैसे,” सरस्वतीबाईंनी खड्या आवाजात वाचलं आणि समोरच्या बायांनी हात जोडले.

“अवं, हात काऊन जोडता?” जनकाबाई हसली. “पोथी नाही होय ते. नर्सबाईनं देल्लं पुस्तक होय, लेकरायच्या दुखण्याचं.”

“छापलेलं हाय ना? मंग चूप बस,” सरस्वतीबाई म्हणाल्या.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. संग्रामपूरकडच्या त्या खेड्यात वाचता येणाऱ्या बाई त्या एकट्याच. चातुर्मासात पोथी त्याच लावायच्या. पोथीचा नेम ठरलेला. पहिल्या ओळीपासून धरायची, मधलं काही गाळायचं नाही, अध्याय संपल्याशिवाय उठायचं नाही. पुस्तक वाचण्याची दुसरी काही रीत असते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

पुढच्या पानावर एक यादी होती. तीही त्यांनी ओवीच्या चालीवर म्हटली. “बाळंतिणीचा आहार, नऊ. नाळेची निगा, सोळा. हगवण आणि ओकारी, चौतीस...”

दाराशी बसलेली रुख्मिणी पुढे सरकली. तिच्या मांडीवरच्या लेकराला सकाळपासून पाण्यासारखं होत होतं.

“बाई, हगवणीचं हाय काय त्याच्यात? तेच वाचा ना आधी. सासू म्हणते पाणी तोड, पाण्यानं आनखी होते. पन त्याचं सुकलेलं तोंड मले पाह्यवत नाही.”

“मधातूनच धरलं तर भलतंच होईन, माय. क्रमानं येईनच ते.”

“अन् चौतीस काय म्हने?”

“असन काही आकडा.”

त्या दिवशी बाळंतिणीचा आहार झाला. चित्रांखालच्या ओळीसुद्धा त्यांनी सोडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी नाळेपाशी वाचन थांबलं. रुख्मिणी शेवटपर्यंत बसून होती, लेकरू पदराखाली निपचित. तिसऱ्या दिवशी ती आली नाही. तिच्या दारात माणसं जमली होती.

नर्स सिंधूताई आल्या तेव्हा सारं होऊन गेलं होतं. त्यांनी सरस्वतीबाईंकडून पुस्तक घेतलं, यादीतल्या आकड्यावर बोट ठेवलं आणि नेमकं तेच पान उघडलं. वर ठळक अक्षरं होती : ‘पाणी तोडू नका.’

सरस्वतीबाई त्या अक्षरांकडे पाहत राहिल्या.

“चुकलं माझंच,” सिंधूताई हळूच म्हणाल्या. “वाचता येते म्हनल्यावर मले वाटलं, झालं.”

त्यानंतर पुस्तक फडताळात गेलं. बाया विचारायच्या, सरस्वतीबाई हातातल्या कामाला लागायच्या. मग एका दुपारी जनकाबाई नातवाला घेऊन धावत आली. त्यालाही हगवण लागली होती. तिच्यामागून रुख्मिणी.

“काढा पुस्तक,” रुख्मिणी म्हणाली.

“तू घरी जाय, बाई. तुह्यासमोर नाही वाचवत मले.”

“वाचा. मलेही आयकाचं हाय.”

ती समोरच बसली. सरस्वतीबाईंनी यादीत आकडा शोधला, एकदम ते पान उघडलं. चाल न लावता वाचू लागल्या. उकळून गार केलेलं पाणी. पेज, चिमूटभर मीठ घालून. डोळे खोल गेले तर ताबडतोब दवाखान्यात. जनकाबाई प्रत्येक वाक्याला मान हलवत होती.

रुख्मिणीची चोळी ओली झाली होती. तिनं पदर पुढे ओढून घेतला. सरस्वतीबाईंना ते दिसलं. तरी त्यांनी पुढची ओळ वाचली :

“अंगावरचं दूध चालू ठेवावं.”