पाणबुड्याचा पितळी टोप

फोरमन साहेबरावांवर सूड उगवायचा, एवढ्यासाठीच खंडू मुंबईच्या सहलीला आला होता. नाहीतर तळवड्याच्या गड्याला समुद्राचं काय कौतुक? फिटरच्या जागेसाठी त्यानं तीनदा अर्ज केला आणि तिन्ही वेळा साहेबरावांनी खाली शेरा मारला, ‘याला साधा नट सोडवता येत नाही.’ तीन वर्षं गडी हेल्परचा हेल्परच.

सहल पिंपरीच्या कारखान्याची. एकाहत्तरच्या लढाईत गेलेल्या खलाशांच्या स्मारकाला हार घालायचा, शेजारची दोन म्युझियमं बघायची आणि परत. पहिल्या म्युझियमात खंडूनं साहेबरावांना तोफेत कोंबायचा विचार केला, पण तोफेचं तोंड पडलं बारीक.

दुसऱ्यात देव पावला. तिथं पाणबुड्याचा पितळी टोप होता आणि पाटी होती, ‘हात लावू नये’. साहेबरावांनी हात नाही लावला, थेट डोकंच घातलं!

“बघा रे, असा घालतात!”

घातला खरा, पण निघेना. टोपाच्या गळपट्टीला चार नट; तीन ढिले, पण मानेमागचा गंजून गच्च बसलेला.

“खंडू, सोडव!” पातेल्याखाली बेडूक सापडावा तसा आवाज आला.

“मला साधा नट सुटत न्हाई साहेब. तुमीच लिवलंय.”

“अरे, ते कागदावर!”

“मग कागद खोटा व्हय?”

टर्नर ज्योतीराम कुजबुजला, “भावा, गुदमरंल की त्यो.”

“फुडली काच फुटलीया. गुदमरत न्हाई, हेच वाईट.”

तेवढ्यात हाराची वेळ झाली. खंडूनं साहेबरावांना हाताला धरून मुद्दाम गर्दीतून स्मारकापाशी नेलं. म्हटलं, होऊ दे चारचौघांत शोभा! तर शाळेची सहल तिथं उभी. बाई ओरडल्या, “मुलांनो, खरे पाणबुडे!” पोरांनी सलाम ठोकले, टाळ्या पडल्या, फोटोवाला धावत आला. साहेबराव टोपासकट छाती काढून उभे.

खंडू चडफडला. सूड माझा आन् सत्कार ह्याचा? त्यानं खिशातला पान्हा काढला, दोन मिनिटांत टोप खाली. आतून घामेजलेला फोरमन निघाल्यावर टाळ्या थांबल्या.

साहेबरावांनी मिशा पुसल्या. “दोन मिनिटांत सोडवलास! म्हणजे इतकी वर्षं कामचुकारपणा करत होतास. आता तसा शेरा मारतो.”

खंडूनं टोप बाहीनं पुसला आणि गोड हसला.

“मारा की साहेब. पर फोटो ऱ्हायलाच. एकदाच घाला.”

साहेबरावांनी भांग नीट केला, मान वाकवली. खंडूनं या खेपेला चारी नट आवळले.