घराला ‘ण’ म्हणता येईना

चंद्रभागाबाई पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्या, तेव्हा निरोप समारंभात त्यांना शाल आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. घड्याळ त्यांनी त्याच आठवड्यात उघडलं, आत काय आहे ते नीट पाहिलं, परत बंद केलं आणि मग भिंतीवर लावलं. बाईंचा स्वभावच तसा. आत काय चाललंय ते कळल्याशिवाय त्यांना कुठल्याही वस्तूवर विश्वास टाकता येत नसे.

त्याच वर्षी भीमरावांना काचबिंदू असल्याचं निघालं. भीमराव म्हणजे बाईंचे पती. सगळी नोकरी त्यांनी रात्रशाळेत मराठी शिकवण्यात घालवली. त्यांना समोरचं दिसायचं, पण बाजूचं गेलं होतं. विश्रांतवाडीच्या आपल्याच फ्लॅटमध्ये ते दाराला धडकायचे, आणि काय झालं म्हणून विचारलं की म्हणायचे, “काही नाही. चौकट मध्ये आली.”

बाईंनी चौकटीचा बंदोबस्त करायचं ठरवलं.

बुधवार पेठेत जाऊन त्यांनी साबणाच्या डबीएवढा एक कॉम्प्युटर आणला. दुकानदारानं विचारलं, “नातवाच्या प्रोजेक्टसाठी का, काकू?” बाई म्हणाल्या, “नातू झाला की त्याचं तो घेईल. हा माझा.” मग त्यावर त्यांनी घर सांभाळणारं एक सॉफ्टवेअर चढवलं. जगभरातल्या माणसांनी मिळून लिहिलेलं, कुणीही फुकट घ्यावं, आतली ओळन् ओळ वाचावी, वाटल्यास बदलावी, असं. बाईंना ते मनापासून आवडलं. उघडून पाहता येणारं घड्याळच होतं ते.

दिवाळीपर्यंत घर शहाणं झालं. भीमराव उठले की पॅसेजमधला दिवा लागायचा. ते मोरीकडे वळले की मोरीतला. गॅस जास्त वेळ राहिला, दार उघडं राहिलं, गीझर तापला, की बैठकीतला छोटा स्पीकर बोलून सांगायचा.

भांडण सुरू झालं ते या बोलण्यावरून.

घरातल्या घरात चालणारा, इंटरनेटविना बोलणारा आवाज बाईंनी शोधून काढला खरा, पण तो मुळात हिंदीसाठी बनवलेला होता. त्याला ‘ळ’ यायचा नाही, आणि ‘ण’चाही तो ‘न’ करायचा. सकाळी तो मोठ्या आत्मविश्वासानं जाहीर करायचा, “पानी तापलं. आंघोलीला चला.”

“आंघोली!” भीमराव पेपर खाली ठेवायचे. “चंद्रा, अख्खी नोकरी हे खोडण्यात गेली माझी. आता माझ्याच घरात मलाच?”

“अहो, तापलंय ते कळलं ना? मग जा.”

“कळलं. आता शुद्ध झालं की जातो.”

आणि पाणी निवेपर्यंत बसून राहायचे.

त्यांची मुलगी मैत्री बंगळुरूला सॉफ्टवेअरमध्ये होती. दर रविवारी फोनवर ती आईची शिकवणी घ्यायची. “आई, त्या सॉफ्टवेअरवाल्यांचीच क्लाउड सर्व्हिस आहे ना. ऑप्शनल आहे. वर्गणी भरायची, की बाहेरून कुठूनही घर दिसतं, आणि मराठी आवाज पण एकदम क्लिअर येतो. घे ना.”

“नको,” बाई म्हणायच्या. “कालव्याच्या दाराची चावी कालव्यापाशीच असावी. आमच्या मोरीतला दिवा लावायला सातासमुद्रापार विचारून यायचं?”

“दिवे तुझे घरातूनच लागतात गं. ती फक्त जास्तीची सोय आहे.”

“सोय म्हणजे सवय. आणि सवय म्हणजे लाचारी.”

मैत्री हसून फोन ठेवायची. आईशी वाद घालून कुणी जिंकल्याचं तिच्या ऐकिवात नव्हतं.

फेब्रुवारीत लोणी काळभोरहून निरोप आला. बाईंची धाकटी बहीण हिरा गोठ्यात घसरली आणि तिचा पाय मोडला. जायलाच हवं होतं. भीमरावांनी सोबत यायला साफ नकार दिला. “इथली प्रत्येक भिंत माझ्या ओळखीची आहे. तिथल्या भिंतींशी नव्यानं ओळख करून घेण्याचं माझं वय नाही.” स्वयंपाकाला येणारी सुंदराबाई दोन वेळचं करून जाणार होती, शेजारचे लोक होते. तरी बाईंचा पाय निघेना. बाहेरून घर पाहता यावं म्हणून त्यांनी स्वतःच एक वाट काढून पाहिली, पण इंटरनेट कंपनीची जोडणी अशी, की बाहेरून घरापर्यंत पोहोचायला रस्ताच नव्हता. खटपट करून त्या दमल्या. शेवटी निघायच्या आदल्या दिवशी, ओठ घट्ट मिटून, त्यांनी ती सर्व्हिस चालू केली. पहिला महिना तसाही फुकट होता. म्हटलं, हिराचा पाय बरा झाला की बंद करू.

त्याच पानावर मराठी आवाजही होता. बाईंनी विचार केला, आता घेतलंच आहे तर यांची तक्रारही मिटवावी. न सांगता त्यांनी आवाज बदलला आणि सकाळच्या बसनं लोणीला गेल्या.

हिराच्या घरी पोचल्यावर त्यांनी आधी बहिणीचं प्लॅस्टर पाहिलं आणि लगेच फोन उघडला. फोनवर घर दिसत होतं. बैठकीतला पंखा चालू, दार बंद, गॅस बंद. थोड्या वेळानं पॅसेजचा दिवा लागला, मग मोरीचा, मग दोन्ही विझले. बाईंना ते दिवे पाहून इतकं बरं वाटलं की त्यांची त्यांनाच लाज वाटली.

हिरा पलंगावरून म्हणाली, “आक्का, काय बघतीयास गं सारखं? सिनेमा हाय का काय त्यात?”

“तुझे दाजी हात धुऊन आले.”

“अगं बया! ते बी दिसतंय?”

“ते दिसत नाहीत. दिवा दिसतो.”

“मग दाजी हायेत कशावरून? मांजर बी आसंल.”

बाई हसल्या, पण फोन काही त्यांनी खाली ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या लक्षात आलं, की बैठकीतला स्पीकर बंद आहे. वायफाय गेलं असेल म्हणून त्यांनी संध्याकाळी फोन केला. भीमराव म्हणाले, सगळं छान आहे, सुंदराबाईंनी भरीत केलं होतं. स्पीकरचं विचारल्यावर म्हणाले, “असेल बंद. त्याला पण विश्रांती हवी.” बाईंनी त्यांच्याकडून तो चालू करवून घेतला. तासाभरात तो पुन्हा बंद. आता मात्र त्यांनी फोन खाली ठेवणंच सोडलं. गॅस राहिला तर यांना कोण सांगणार? विचारलं तर खरं सांगत नाहीत, म्हणजे काहीतरी झालंय. पडले तर नसतील? बिघडलं असेल आणि मला त्रास नको म्हणून गप्प असतील? सोयीनं काळजी कमी होईल असं वाटलं होतं. ती तर मुठीत धरून फिरता येईल एवढी जवळ आली होती.

सकाळी हिराची सून म्हणाली, “मावशी, जाऊन या तुम्ही. मी हाय की हितं.” बाईंनी पहिली मिळेल ती बस पकडली.

घरी आल्या तेव्हा भीमराव बैठकीत खुर्चीवर बसून हातानं चाचपत शेंगा सोलत होते. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. स्पीकरची वायर मात्र प्लगमधून काढून, नीट गुंडाळून, टीपॉयवर ठेवलेली होती.

“आलीस? हिरा कशी आहे?”

“हिरा बरी आहे. हे काय केलंत? वायर का काढली?”

“अशीच.”

“अहो, अशी कशी? मी तिथं जीव मुठीत धरून बसलेय. नवा आवाज इतका चांगला लावून गेले. सगळे उच्चार बरोबर. आता कसली तक्रार आहे तुमची?”

भीमरावांनी हातातली शेंग सोलून पुरी केली. मग म्हणाले, “तक्रार काही नाही गं. आवाज उत्तम आहे. पहिल्या बाकावर बसणाऱ्या मुलीसारखा. ‘पाणी तापलं आहे, आंघोळीला चला.’ एक चूक काढता येत नाही.”

“मग?”

“मग घरात कुणीतरी परकं आल्यासारखं वाटायला लागलं.” त्यांनी टरफलं बाजूला सारली. “तुला माझं शाळेतलं सांगितलंय मी. गुरुजींनी वर्गापुढं उभं करून ‘पाणी’ म्हणायला लावलं होतं. मी ‘पानी’ म्हणायचो आणि वर्ग हसायचा. पुन्हा म्हण. पुन्हा हसायचे. वस्तीत आमच्याकडे सगळे ‘पानी’च म्हणायचे. ‘ण’ कसा असतो तेच ऐकलेलं नव्हतं. मग रात्री नदीकाठी जाऊन एकटा म्हणत बसायचो. तोच ‘ण’ पुढे पोटापाण्याचा धंदा झाला.”

“ठाऊक आहे मला.”

“पण आई शेवटपर्यंत ‘पानी’च म्हणायची. साऱ्या जगाच्या वह्या तपासल्या मी चंद्रा, तिची नाही तपासली. ‘भिमा, पानी तापलं रं, चल आंघुळीला.’ रोज.” त्यांनी नवी शेंग उचलली. “तुझं ते यंत्र सकाळी बोलायचं, आणि मी चिडायचो. चिडायला बरं वाटायचं. तू गेलीस त्या दिवशी ते शुद्ध बोललं, तेव्हा कळलं मी सकाळी उठून कशाची वाट बघत होतो.”

बाई उभ्याच होत्या. हातातली पिशवी त्यांनी खाली ठेवली. इतक्या वर्षांच्या संसारात सासूबाईंचा विषय यांनी आपण होऊन फारसा काढला नव्हता. त्या भीमरावांच्या शेजारी बसल्या आणि शेंगा सोलू लागल्या.

“फोनवर सांगायचं की हो,” जरा वेळानं त्या म्हणाल्या.

“हिराचा पाय मोडलेला, आणि मी तुला सांगू, की मला अशुद्ध ऐकायचंय म्हणून परत ये?”

बाईंना हसू फुटलं. हसता हसता डोळे पुसून त्या उठल्या. वायर लावली, लॅपटॉप उघडला आणि जुना आवाज परत जागेवर आणला. “आणि आता ही सर्व्हिसही बंदच करून टाकते. हिच्यापायीच झालं हे सगळं.”

“थांब,” भीमराव म्हणाले. “ती कशाला बंद करतेस?”

“नवल आहे! घेतली तेव्हा तुम्हाला माहीतही नव्हतं.”

“मैत्रीनं सांगितलं मला फोनवर. ते सॉफ्टवेअर ज्यांनी केलं, त्यातल्या बऱ्याच जणांचे पगार म्हणे या वर्गणीतून निघतात. खरं आहे का?”

“तसं म्हणतात खरं.”

“तुझं घर फुकट चालवतात, आणि वर जबरदस्तीही करत नाहीत. दे नाहीतर देऊ नकोस. चंद्रा, आपल्या विहाराची वर्गणी कुणी सक्तीनं घेतं का? न देणाऱ्याला वंदनेला बसू देत नाहीत, असं कधी झालंय? तरी आपण देतोच ना. का देतो?”

बाईंनी लॅपटॉपवरचा हात मागे घेतला. विहाराच्या वर्गणीसाठी दारोदार फिरणाऱ्यांत त्या स्वतः दरवर्षी पुढे असायच्या.

“आणि दुसरं,” भीमराव जरा ओशाळून म्हणाले, “तू तिकडून दिवे बघत होतीस ना?”

“बघत होते. हिरा म्हणाली, मांजर असेल.”

“मला माहीत होतं तू बघतेस. म्हणून दुपारी मुद्दाम दोन फेऱ्या जास्त मारल्या पॅसेजमध्ये. म्हटलं, बाई बघत असेल तर बघू दे, चालतोय आपण.”

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग लॅपटॉप पुढे ओढला आणि वर्गणीच्या पानावर वर्षभराचा पर्याय निवडला. दिवे घरातूनच लागणार होते, चावी कालव्यापाशीच राहणार होती, याची त्यांनी त्याआधी एकदा खात्री करून घेतली.

पान पुढे सरकवताना त्यांच्या कपाळाला आठी पडली. “हे बघा. अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी. ‘तुमची सदस्यता नूतनीकृत होण्यास पात्र आहे.’ हे काय मराठी झालं?”

“वाच पुन्हा,” भीमराव ताठ बसत म्हणाले.

बाईंनी वाचलं. भीमरावांनी असा चेहरा केला की जणू दाताखाली खडा आला.

“हे कुणी लिहिलंय?”

“कुणीही लिहू शकतं. सुधारूनही पाठवता येतं. दुसरे तपासतात, पटलं तर घेतात.”

“म्हणजे वह्या तपासायला आल्यात म्हण की.” त्यांनी शेंगांचं ताट बाजूला केलं, हात झटकले आणि खुर्ची बाईंजवळ ओढली. “पहिल्या ओळीपासून वाच. सावकाश. आणि ‘नूतनीकृत’ आधी खोड.”

बाहेर सुंदराबाईंनी बेल वाजवली. चंद्रभागाबाई उठल्या नाहीत. “दार उघडंच आहे गं, ये,” असं बसल्या जागेवरून म्हणत त्यांनी पुढची ओळ वाचायला घेतली.